स्लीपमधून उठवला की लॅपटॉप गोठतो: सेल्फ एन्क्रिप्टिंग ड्राइव्हचं कुलूप कधी पडतं, कधी पडत नाही

तक्रार साधारण अशी असते. लॅपटॉपमध्ये ओपल प्रकारची, म्हणजे डेटा स्वतःच एन्क्रिप्ट करणारी (सांकेतिक रूपात ठेवणारी) आणि पासवर्डचं कुलूप लावता येणारी एसएसडी आहे. सुरू करताना काळ्या पडद्यावर पासवर्ड मागितला जातो, तो दिला की विंडोज नीट उघडतं आणि दिवसभर काही त्रास नसतो. पण झाकण मिटून जेवायला गेलात आणि परत येऊन उघडलंत, की माउस थोडा हलतो, मघाशी उघडी ठेवलेली फाइल दिसते, आणि मग सगळं थिजतं. थोड्या वेळाने निळा पडदा येतो. त्यावर कधी 'कर्नल डेटा इनपेज एरर' असतं, कधी 'क्रिटिकल प्रोसेस डाइड'. बटण दाबून बंद केला, पुन्हा सुरू करून पासवर्ड दिला की लॅपटॉप ठणठणीत. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा तेच.

यावर सहसा आधी विंडोज नव्याने टाकलं जातं, मग ड्राइव्ह बदलली जाते. नवी ड्राइव्ह त्याच पद्धतीने बसवली की तीही तशीच वागते. कारण यात बिघडलेलं काही नाहीच. वीज गेली की कुलूप लावायचं आणि पासवर्ड मिळेपर्यंत कुणालाही डेटा द्यायचा नाही, एवढं काम ड्राइव्हला दिलेलं आहे. झाकण मिटल्यावर तिची वीज गेली, तिने कुलूप लावलं. उठल्यावर विंडोज तिच्याकडे डेटा मागतं, ती नकार देते, आणि हा नकार कुठून आला हे विंडोजला कळत नाही.

आधी खात्री करून घ्या

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉग उघडा आणि ज्या वेळी लॅपटॉप गोठला त्या वेळेच्या नोंदी पाहा. 'कर्नल-पॉवर' या स्रोताची ४२ क्रमांकाची नोंद दिसेल, म्हणजे लॅपटॉप स्लीपमध्ये जायला निघाला. त्यानंतर काहीच नाही. मग थेट ४१ क्रमांकाची नोंद, म्हणजे मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. मधला काळ कोरा असतो, आणि मला सर्वांत उपयोगी पुरावा तोच वाटतो. चुकीची नोंद ज्या ड्राइव्हवर लिहायची तीच कुलूपबंद होती, मग ती उमटणार कुठे? खरोखर खराब होत चाललेली ड्राइव्ह असं वागत नाही. ती चालू कामातही अधूनमधून 'डिस्क' या स्रोताच्या चुका लॉगमध्ये सोडत राहते.

दुसरी चाचणी त्याहून सोपी आहे. स्लीपऐवजी हायबरनेट करा, म्हणजे चालू काम ड्राइव्हवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं. बटण दाबल्यावर पासवर्डचा पडदा आला आणि तो दिल्यावर कालची सगळी कामं जशीच्या तशी उघडली, म्हणजे हायबरनेट चालतं आणि स्लीप मोडतं, तर निदान पक्कं समजा. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी ही आज्ञा 'स्लॅश ए' लावून चालवली की मशीनमध्ये झोपेचे कोणते प्रकार आहेत तेही दिसतं. यादीत 'स्टँडबाय एस३', म्हणजे रॅम सोडून बाकीची वीज तोडणारी झोप, असेल तर वर सांगितलेलंच होत असणार.

लिनक्सवर चित्र थोडं वेगळं दिसतं. उघड्या टर्मिनलमध्ये साधी यादी दाखवणारी आज्ञाही 'इनपुट/आउटपुट एरर' देते, आणि फाइल सिस्टिम स्वतःला फक्त-वाचन अवस्थेत टाकते. मूळ कारण तेच.

यात डेटा बिघडतो का, ही भीती रास्त आहे. कुलूपबंद ड्राइव्ह चुकीचं काही लिहीत नाही, ती लिहायलाच नकार देते. त्यामुळे आधी जतन केलेलं सुरक्षित राहतं, पण जतन न केलेलं काम मात्र जातं. आणि रोजच्या रोज असं अर्ध्यात बंद होणं फाइल सिस्टिमला चांगलं नाही, म्हणून हे चालवून घेऊ नका.

ड्राइव्हच्या आत काय चालतं

या ड्राइव्हच्या कंट्रोलरमध्येच एईएस या प्रमाणित पद्धतीच्या एन्क्रिप्शनचं सर्किट असतं. चिपवर जाणारा प्रत्येक बाइट एन्क्रिप्ट होऊन जातो आणि बाहेर येताना उलगडून येतो. त्यासाठी लागणारी डेटा-किल्ली ड्राइव्ह स्वतःच आत तयार करते आणि ती कधी बाहेर येत नाही. संगणकाच्या प्रोसेसरवर भार पडत नाही आणि वेग कमी होत नाही, म्हणून कार्यालयांना ही सोय आवडते.

पण एन्क्रिप्शन आणि कुलूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जवळजवळ सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. खोक्यातून काढलेली नवी ड्राइव्ह पहिल्या क्षणापासून एन्क्रिप्ट करत असते. मात्र पासवर्ड ठरवून कुलूप चालू केलेलं नसेल, तर वीज मिळताच ती डेटा-किल्ली स्वतःहून वापरायला घेते आणि कुणी जोडली तरी डेटा देते. भक्कम तिजोरी आणून दार नुसतं लोटून ठेवावं, तसं ते आहे. कुलूप चालू केल्यावर डेटा-किल्ली तुमच्या पासवर्डपासून बनलेल्या दुसऱ्या किल्लीने गुंडाळून ठेवली जाते. म्हणूनच पासवर्ड बदलला तर एक टेराबाइटची ड्राइव्ह असूनही क्षणात काम होतं: डेटा पुन्हा एन्क्रिप्ट होत नाही, फक्त गुंडाळी बदलते. आणि म्हणूनच डेटा-किल्ली नष्ट करून नवी बनवली की सगळी ड्राइव्ह एका क्षणात निरर्थक आकड्यांनी भरलेली राहते. जुनी ड्राइव्ह विकण्यापूर्वी हीच पद्धत वापरतात.

ट्रस्टेड कंप्युटिंग ग्रुप या संस्थेने २००९ मध्ये ओपल हे प्रमाण आणलं. लॅपटॉपमधल्या बहुतेक सेल्फ एन्क्रिप्टिंग ड्राइव्ह त्याची दुसरी आवृत्ती पाळतात. खरेदी करताना 'पायराइट' हे नावही दिसेल. ते त्याच घराण्यातलं, पण त्यात एन्क्रिप्शनची सक्ती नाही, नुसतं कुलूप असतं. डेटा वाचवण्यासाठी ड्राइव्ह घेत असाल तर माहितीपत्रकात ओपल लिहिलेलं आहे ना, हे पाहूनच घ्या.

ड्राइव्हची सध्याची अवस्था सेडयूटिल या मोफत साधनाने विचारता येते. त्याच्या 'क्वेरी' उत्तरात पाच गोष्टी पाहाव्यात. 'मीडिया एन्क्रिप्ट' होय असेल तर एन्क्रिप्शन चालू आहे, आणि ते ओपल ड्राइव्हवर नेहमीच होय असतं, म्हणून त्यावर समाधान मानू नका. 'लॉकिंग एनेबल्ड' होय असेल तरच कुलूप बसवलेलं आहे. 'लॉक्ड' म्हणजे ते या क्षणी लागलेलं आहे की नाही. उरलेल्या दोन, 'एमबीआर एनेबल्ड' आणि 'एमबीआर डन', पासवर्डच्या पडद्याशी जोडलेल्या आहेत, आणि स्लीपचं कोडं त्यांच्यातच सुटतं.

अख्खी ड्राइव्ह कुलूपबंद असेल तर पासवर्ड विचारणारा प्रोग्राम तरी कुठून उघडणार? त्यासाठी ओपल ड्राइव्हमध्ये किमान १२८ एमबीची वेगळी जागा राखलेली असते. वीज आल्यावर 'एमबीआर डन' नाही या अवस्थेत असतं, आणि बायोसला, म्हणजे मशीन सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामला, ड्राइव्हच्या सुरुवातीला खऱ्या डेटाऐवजी ही राखीव जागा दिसते. तिथला छोटा प्रोग्राम पासवर्ड घेतो, कुलूप उघडतो, 'एमबीआर डन' होय करतो आणि मशीन रीस्टार्ट करतो. आता खरी ड्राइव्ह दिसते आणि विंडोज सुरू होतं.

एस३ स्लीपमध्ये रॅमला तेवढी वीज मिळत राहते, ड्राइव्हची जाते. उठताना मशीन बूट होतच नाही. बायोस सरळ रॅममधल्या विंडोजच्या हाती कारभार देतो. त्यामुळे पासवर्डचा प्रोग्राम चालायची वेळच येत नाही. इकडे ड्राइव्ह कुलूपबंद झालेली असते, 'एमबीआर डन' पुन्हा नाही झालेलं असतं, आणि सुरुवातीच्या भागात विंडोजला आपल्या डेटाच्या जागी पासवर्डच्या प्रोग्रामची प्रतिमा वाचायला मिळते. हायबरनेटमध्ये मात्र मशीन पूर्ण बंद होऊन नव्याने बूट होतं, पडदा येतो, म्हणून तिथे सगळं सुरळीत चालतं.

उपाय

माझा सल्ला स्पष्ट आहे: स्लीप बंद करा, हायबरनेट वापरा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजीने हायबरनेट चालू करा. मग पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर आणि बटण दाबल्यावर काय व्हावं तिथे 'हायबरनेट' निवडा, बॅटरीवर आणि चार्जरवर दोन्हीकडे. 'इतक्या मिनिटांनी स्लीप' ही वेळ 'कधीच नाही' करा आणि तिच्या जागी हायबरनेटची वेळ द्या. प्रगत सेटिंगमधलं 'हायब्रिड स्लीप' (स्लीप आणि हायबरनेट यांचं मिश्रण) बंद करायला विसरू नका. बरेचदा बाकी सगळं बदललेलं असतं, हे एक राहून जातं आणि तक्रार परत येते. उठायला काही सेकंद जास्त लागतात. एसएसडी झिजेल ही शंका हमखास येते, पण हायबरनेटमध्ये दर वेळी काही जीबी लिहिले जातात आणि आजच्या साध्या एसएसडीची लेखनक्षमताही शेकडो टेराबाइटची असते.

लिनक्समध्ये आणखी एक वाट आहे. कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.११ पासून, म्हणजे २०१७ पासून, कर्नलमध्येच ओपलची सोय आहे. पासवर्ड कर्नलला एकदा दिला की उठताना तो स्वतःच कुलूप उघडतो. सेडयूटिलच्या एका शाखेत (इतरांनी बदल करून काढलेल्या आवृत्तीत) स्लीपची ही तयारी करणारी आज्ञा आहे. नाहीतर 'डीप' (एस३) स्लीपऐवजी 'एस२आयडल' ही हलकी झोप निवडता येतं, त्यात ड्राइव्हची वीज सहसा टिकते. काही थिंकपॅडच्या बायोसमध्येही स्लीपचा प्रकार बदलायचा पर्याय असतो.

हे मार्ग चालतात, तरी मी ते कार्यालयातल्या लॅपटॉपवर लावत नाही. सेल्फ एन्क्रिप्टिंग ड्राइव्ह 'पडून असलेला' डेटा राखते, म्हणजे वीज नसतानाचा. वीज चालू आणि कुलूप उघडं असेल तर तिच्या लेखी मालक समोरच बसलेला आहे. जर्मनीतल्या एर्लांगेन-न्यूरेम्बर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये हेच दाखवलं: चालू मशीनमधल्या ड्राइव्हची वीज न तोडता फक्त डेटाची केबल दुसऱ्या संगणकाला जोडली, आणि डेटा उघडा मिळाला. २०१५ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या ब्लॅक हॅट या संगणक-सुरक्षा परिषदेत अशाच आणखी वाटा मांडल्या गेल्या. त्यातली एक अगदी साधी आहे. मशीन नुसतं रीस्टार्ट करून पेन ड्राइव्हवरून दुसरी सिस्टिम चालू करायची. रीस्टार्टमध्ये ड्राइव्हची वीज सहसा जात नाही, त्यामुळे कुलूपही पडत नाही. 'रीस्टार्ट केल्यावर पासवर्ड विचारत नाही, ड्राइव्ह बिघडली का?' या प्रश्नाचं उत्तरही हेच: बिघडलेली नाही, ओपलमध्ये कुलूप वीज तुटल्यावर पडतं.

स्लीपमधला लॅपटॉप रेल्वेत चोरीला गेला आणि ड्राइव्हची वीज टिकलेली असेल, किंवा किल्ली रॅममध्ये असेल, तर चोराच्या हाती फक्त विंडोजचा लॉगिन पडदा ओलांडायचं काम उरतं. हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं त्याच एन्क्रिप्टेड ड्राइव्हवर लिहिलं जातं आणि वीज जाते. दवाखान्याचे कागद, पगारपत्रकं, लोकांचे पॅन आणि आधारचे तपशील ज्यांच्या लॅपटॉपमध्ये आहेत, त्यांनी हा फरक मनावर घ्यावाच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. 'ड्राइव्ह एन्क्रिप्टेड होती' हे वाक्य 'लॉकिंग एनेबल्ड' नाही असताना काही कामाचं नाही.

याच घरातल्या आणखी तक्रारी

पासवर्ड दिला की मशीन रीस्टार्ट होतं आणि पुन्हा पासवर्डच मागतं. इथे बायोस रीस्टार्टच्या वेळी ड्राइव्हची वीज तोडत असतो, म्हणून नुकतंच उघडलेलं कुलूप परत पडतं. बायोसमधलं फास्ट बूट बंद-चालू करून पाहा, बायोसची नवी आवृत्ती असेल तर टाका. पडदाच येत नसेल तर बायोसमधलं सिक्युअर बूट (फक्त मान्य स्वाक्षरीचे प्रोग्राम सुरू होऊ देणारी सोय) तपासा. सेडयूटिलचा मूळ प्रोग्राम त्यासाठी स्वाक्षरी केलेला नाही.

पासवर्ड बरोबर आहे, तरी 'चूक' म्हणतं. पासवर्डच्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा धरला जातो, तेव्हा ॲट, हॅश, पाउंडसारखी चिन्हं आधी पडताळा. सेडयूटिल पासवर्ड तसाच ड्राइव्हला देत नाही, ड्राइव्हचा अनुक्रमांक मिसळून त्याचा हॅश, म्हणजे गणिताने काढलेला संकेत, बनवून देतं. मूळ आवृत्ती आणि तिची शाखा हा हॅश वेगवेगळ्या पद्धतीने बनवतात. म्हणजे एका आवृत्तीने बसवलेलं कुलूप दुसरीच्या पडद्यावर बरोबर पासवर्डनेही उघडणार नाही. ज्या आवृत्तीने बसवलं तिचाच पेन ड्राइव्ह बनवून उघडा. बायोसमधून लावलेल्या हार्ड डिस्क पासवर्डचंही तेच: वेगवेगळे उत्पादक पासवर्डवर वेगवेगळी प्रक्रिया करतात, म्हणून ड्राइव्ह दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपमध्ये टाकल्यावर तो चालेलच असं नाही. आणि ठराविक चुकीच्या प्रयत्नांनंतर ड्राइव्ह ऐकणंच थांबवते. तेव्हा वीज पूर्ण तोडून पुन्हा सुरू करा, मगच पुढचा प्रयत्न.

ड्राइव्ह काढून यूएसबी केसमध्ये टाकली तर 'रिकामी' दिसते. एखादं छोटंसं पार्टिशन, बाकी जागा अनअलोकेटेड. तुम्हाला दिसतंय ती वर सांगितलेली राखीव जागा. विंडोज फॉरमॅट किंवा इनिशियलाइज करू का विचारेल, तिथे नाही म्हणा. बऱ्याच यूएसबी केस कुलपाच्या आज्ञा पुढे पोहोचवतच नाहीत, म्हणून ड्राइव्ह थेट सॅटा किंवा एनव्हीएमई स्लॉटमध्ये जोडून उघडा.

कुलूप बसवतानाच चूक येते. लिनक्समध्ये सॅटा ड्राइव्ह असेल तर बूट पर्यायांत लिबएटीएचा 'अलाऊ टीपीएम' एक करावा लागतो, नाहीतर आज्ञा पोहोचत नाहीत. विंडोज मशीनवर बायोसचं 'ब्लॉक एसआयडी' आड येतं. बूट होताना बायोस ड्राइव्हच्या मालकी-पासवर्डला त्या सत्रापुरता मज्जाव करतो, म्हणजे एखादा व्हायरस गुपचूप कुलूप लावू शकत नाही. हेतू चांगला आहे, तेव्हा तो पुढच्या एका बूटपुरता काढा, काम झालं की पुन्हा असू द्या.

बिटलॉकर वापरत असाल तर

जुन्या मशीनवर एक गोष्ट आजही तपासण्यासारखी आहे. विंडोज ८ पासून बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं ड्राइव्ह एन्क्रिप्ट करणारं साधन, ड्राइव्हचं स्वतःचं एन्क्रिप्शन वापरू शकतो, आणि पुढे बरीच वर्षं ड्राइव्ह पात्र असेल तर तो आपोआप तेच वापरायचा. नोव्हेंबर २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठाचे कार्लो मायर आणि बर्नार्ड फान खास्टेल यांनी क्रुशलच्या एमएक्स१००, एमएक्स२००, एमएक्स३०० आणि सॅमसंगच्या ८४० इव्हो, ८५० इव्हो तसंच टी३, टी५ या ड्राइव्ह तपासल्याचं प्रसिद्ध केलं. काहींमध्ये पासवर्ड आणि डेटा-किल्ली यांचा एकमेकांशी संबंधच नव्हता. फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतला प्रोग्राम, फक्त 'पासवर्ड जुळला का' एवढं पाहायचं, आणि ती तपासणी वळवली की कोणत्याही पासवर्डने डेटा उघडायचा. एईएस कितीही भक्कम असलं तरी किल्ली पासवर्डशिवाय हाती येत असेल तर त्या भक्कमपणाचा उपयोग शून्य. मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात सूचना काढली आणि सप्टेंबर २०१९ च्या अपडेटपासून नव्याने एन्क्रिप्ट होणाऱ्या ड्राइव्हसाठी सॉफ्टवेअर एन्क्रिप्शन मूळ निवड केली.

आधी एन्क्रिप्ट झालेल्या ड्राइव्ह मात्र त्या अपडेटने बदलल्या नाहीत. मॅनेज-बीडीई या विंडोजच्या आज्ञेने स्टेटस पाहा. एन्क्रिप्शन मेथडच्या ओळीत 'एक्सटीएस-एईएस' असेल तर सॉफ्टवेअर एन्क्रिप्शन आहे. 'हार्डवेअर एन्क्रिप्शन' असेल आणि ड्राइव्ह वरच्या यादीतली असेल, तर ग्रुप पॉलिसीत हार्डवेअर एन्क्रिप्शन बंद करा, बिटलॉकर पूर्ण काढा आणि पुन्हा लावा. नुसती पॉलिसी बदलून जुनी ड्राइव्ह बदलत नाही. लिनक्सवाल्यांसाठी क्रिप्टसेटअप या एन्क्रिप्शनच्या साधनाच्या २.७ आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ पासून, ओपलचं कुलूप आणि सॉफ्टवेअर एन्क्रिप्शन दोन्ही एकत्र लावता येतं. फर्मवेअरवर एकट्यावर विसंबायचं नसेल तर मला ही जोडी सर्वांत पटते.

पासवर्ड विसरला तर

ड्राइव्हच्या लेबलवर पीएसआयडी नावाचा ३२ अक्षरांचा सांकेतांक छापलेला असतो. तो देऊन ड्राइव्ह मूळ अवस्थेत नेता येते. पण त्यात डेटा-किल्ली बदलते आणि जुना डेटा कायमचा जातो. ड्राइव्ह वाचते, डेटा नाही. तो परत मिळवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका: नीट बनवलेल्या ओपल ड्राइव्हमध्ये किल्ली गेल्यावर चिपवर उरलेल्या आकड्यांतून काहीच निघत नाही. म्हणून कुलूप बसवण्याआधी बॅकअप घ्या, तोही वेगळ्या एन्क्रिप्टेड ड्राइव्हवर. लेबलचा फोटो ड्राइव्ह बसवण्याआधीच काढून पासवर्डच्या नोंदीसोबत ठेवा, कारण एम.२ ड्राइव्हचं लेबल नंतर हीटसिंकखाली झाकलं जातं.

सगळे बदल झाल्यावर एक चाचणी उरते. झाकण मिटा, दिवे विझेपर्यंत थांबा, उघडा. पासवर्डचा पडदा यायला हवा आणि त्यानंतर उघडी कामं परत दिसायला हवीत. मग लॅपटॉप पूर्ण बंद करून सेडयूटिलच्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा आणि क्वेरी विचारा. 'लॉकिंग एनेबल्ड' होय, 'लॉक्ड' होय, 'एमबीआर डन' नाही, असं उत्तर आलं तर कुलूप जागेवर आहे.